किती माणसं, किती वाजता?

अलिबाग सोडून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की आक्षी-नागावच्या वाड्यांमधून एकाच मजकुराच्या पाट्या दिसायला लागतात. वर 'घरगुती जेवण मिळेल' आणि खाली, जरा बारीक अक्षरात, 'ऑर्डर आधी द्यावी'. ही दुसरी ओळ मुंबई-पुण्याचा पाहुणा वाचत नाही आणि मग दुपारी दीड वाजता कुणाच्या तरी अंगणात उभा राहून 'भात संपला' एवढे दोनच शब्द ऐकतो. ज्याने ती वाचून सकाळी फोन केलेला असतो त्याला पलीकडून तीन प्रश्न येतात. किती माणसं? व्हेज किती, नॉनव्हेज किती? किती वाजता येणार? चौथा प्रश्न येत नाही. तुम्हाला काय खावंसं वाटतंय, असं त्या घरात कोणी पाहुण्याला विचारत नाही. घरधन्यालाही विचारत असतील असं वाटत नाही. यात उद्धटपणा नाही, हिशोब आहे. मासळी होडीतून येते, होडी समुद्राच्या मर्जीने येते, त्यामुळे सुरमई मिळाली तर सुरमई, नाहीतर बांगडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा तर पाहुण्याची आवड हा विषयच निघत नाही. जिताडा हवा असेल तर तो आधी कुणाच्या तरी तळ्यात किंवा खाडीत सापडावा लागतो. मोदक हवे असतील तर उकड काढायला माणूस लागतं, आणि ते माणूस सकाळीच ठरवावं लागतं. आवडीनिवडीला इथे जागा नाही; माणसं आणि वेळ एवढंच माहीत असलं की चूल पेटते.

आता याच रायगड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. पेणवरून खोपोलीचा रस्ता धरला की खालापूर तालुक्यात इमॅजिका हे थीम पार्क लागतं. अॅडलॅब्जच्या मनमोहन शेट्टींनी २०१३ च्या एप्रिलमध्ये ते सुरू केलं, २०२२ पासून ते मालपाणी समूहाकडे आहे. तिथे कुठल्याही रविवारी दुपारी सव्वाच्या सुमाराला झाडाच्या वीतभर सावलीत एक कुटुंब गोल करून उभं असतं आणि नेमका तो चौथा प्रश्न सोडवत असतं. 'बोला, काय खायचं?' असं कुटुंबप्रमुख विचारतो. 'काहीही चालेल,' असं सगळे म्हणतात. मग तो एक नाव सुचवतो. ते कोणालाच चालत नाही. मोठ्या मुलाला पिझ्झा हवा असतो, आजोबांना वरणभात, मावशीला 'काहीतरी हलकं', आणि ज्या भाचीला खरोखर काहीही चालणार असतं तिला कोणी विचारत नाही. या चर्चेला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. ती उन्हात होते, आणि तिच्या शेवटी सगळे जिथे रांग सर्वांत लहान दिसते तिथे जातात. म्हणजे निर्णय रांगेनेच घेतलेला असतो. चर्चा केवळ लोकशाहीच्या समाधानासाठी.

माझं म्हणणं असं आहे की थीम पार्कमधलं बसून जेवायचं रेस्टॉरंट चवीवरून निवडायचंच नसतं. ते नागावच्या तीन प्रश्नांवर निवडावं. हे ऐकायला अरसिक वाटेल. पण तिथे आपण विकत काय घेतो, ते आधी नीट पाहायला हवं. पार्कातली प्रत्येक राइड कुटुंबाचे तुकडे करते, हा तिचा धर्मच आहे. नायट्रो नावाची ती वेटोळी रोलर कोस्टर माणसाला पाच वेळा उलटं करते. तिच्या दाराशी उंचीची पट्टी रोवलेली असते आणि शेजारी ज्यांनी बसू नये त्यांची यादी. रक्तदाब, हृदयविकार, कंबर, मान, गरोदरपण. एका साध्या मराठी कुटुंबाला ही यादी लावली की त्यातून दोन कॉलेजकुमार आणि एक हौशी काका उरतात. उलट बाजूला लहान मुलांच्या फिरत्या घोड्यांपाशी उंच माणूस निरुपयोगी ठरतो. त्याने कठड्याबाहेर उभं राहून दर फेरीला हात हलवायचा. दहा माणसांचं कुटुंब सकाळी फाटकातून एकत्र शिरतं आणि संध्याकाळी फाटकाशी एकत्र येतं. मधला दिवसभर ते एकमेकांना फोनवर 'तुम्ही कुठे आहात' एवढंच विचारत असतं.

आणि या सगळ्यात एक पद असं असतं ज्याची नेमणूक कोणी करत नाही, पण ते कधी रिकामं राहत नाही: पिशव्या सांभाळणारं माणूस. बहुधा आजी, नाहीतर नुकतं गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका. त्यांच्या बाकाचं जरा जवळून निरीक्षण करावं. मांडीवर तीन मोबाइल, त्यातला एक वाजतोय पण कसा उचलायचा ते ठाऊक नाही. पायाशी चार जोड चपला, त्यातली एक ओली. डाव्या हाताला फुगलेली सॅक, तिच्या बाजूच्या खिशातून डोकावणारी पाण्याची बाटली, जिचं पाणी आता चहा करण्याइतकं तापलंय. उजव्या हाताला कुणाचा तरी चष्मा, रुमालात गुंडाळून, कारण 'आजी, यावर बसू नकोस हं' अशी सूचना झालेली आहे. या माणसाने प्रवेशाचे पैसे भरलेत, ज्येष्ठ नागरिक म्हणून थोडी सवलत मिळाली असली तरी भरलेत. बदल्यात त्याला मिळालं एक बाकडं आणि समोरून ओरडत जाणारे अनोळखी लोक. त्या आवारात हे माणूस बाकीच्यांच्या बरोबरीने ज्या एकाच ठिकाणी बसू शकतं ते म्हणजे जेवणाचं टेबल. तिथे उंचीची पट्टी नाही, पट्टा आवळायचा नाही, चपला काढायच्या नाहीत, आणि पिशव्या खुर्चीखाली जातात. कुटुंबातल्या सगळ्यांनी मिळून करायची पार्कातली एकमेव राइड ती आहे. म्हणून राइडची निवड करताना जे पाहतो तेच इथे पाहायचं: आपण किती जण, कोण बसू शकेल, रांग कधी कमी.

हा शोध माझा नाही. या धंद्याच्या जन्मातच तो दडलेला आहे. कॅलिफोर्नियात ब्यूना पार्क या गावी वॉल्टर नॉट नावाचा बोरांसारख्या फळांची शेती करणारा एक शेतकरी होता. १९३४ साली, मंदीच्या दिवसांत, त्याची बायको कॉर्डेलिया हिने शेतावरच्या लहानशा खानावळीत तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी आठ पानं वाढली, पासष्ट सेंटला एक, आणि तीही स्वतःच्या लग्नात आलेल्या बश्यांमधून. चवीची कीर्ती पसरली आणि काही वर्षांत लोक तासन् तास रांगेत उभे राहू लागले. त्या ताटकळणाऱ्यांना गुंतवून ठेवायला नॉटने आधी एक दगडांची बाग केली, मग एक खोटा ज्वालामुखी, मग जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरातल्या शेकोटीची प्रतिकृती, आणि १९४० पासून जुन्या पद्धतीचं एक अख्खं ओसाड गाव उभारायला घेतलं. जेवणाची रांग सरेना म्हणून करमणूक वाढत गेली आणि त्यातून नॉट्स बेरी फार्म हे आज जगप्रसिद्ध असलेलं थीम पार्क झालं. शेजारच्या अॅनाहाइममध्ये डिस्नीलँड उघडलं ते त्यानंतर पंधरा वर्षांनी. इतिहासाचा दाखला असा स्पष्ट आहे: मूळ वस्तू टेबल, आणि ज्वालामुखी ही टेबल मिळेपर्यंतची सोय. आपण क्रम उलटा लावून घेतला आणि दुपारी सव्वाला उन्हात उभं राहण्याची वेळ स्वतःवर आणली.

डिस्नीवाल्यांनीही पुढे याची कबुली बांधकामातून दिली. १९६७ साली चाच्यांची बोट-सफर सुरू झाली तेव्हा तिच्या पोटातच त्यांनी ब्लू बायू नावाचं रेस्टॉरंट बसवलं. तिथे जेवणारे जेवताना होड्या बघतात आणि होडीतले जाताना जेवणारे बघतात. कोण कोणाची करमणूक करतोय ते ठरवणं अवघड. आपल्या इमॅजिकाने तर याच्या पुढचं पाऊल टाकलं. तिथे रॉबर्टोज फूड कोस्टर नावाच्या ठिकाणी वरून उतरणाऱ्या रुळांवरून जेवण घरंगळत टेबलावर येण्याची व्यवस्था केलेली होती. ज्यांच्या रक्तदाबाला नायट्रो झेपत नाही त्यांच्या वतीने पास्ता गिरक्या घेऊन आला. मला ही कल्पना मनापासून आवडते. पण लक्षात घ्या, ती आवडण्यात पास्त्याचा काहीही वाटा नाही.

तर पहिला मुद्दा वेळेचा, आणि खरं तर सगळ्यांत मोठा. १९९२ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळ युरो डिस्नी उघडलं. अमेरिकी माणूस पार्कात दिवसभर चरत फिरतो, हाताला लागेल ते खातो. त्या सवयीवर सगळी आखणी झालेली. युरोपातले लोक सकाळी फारसं खात नाहीत असंही त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून नाश्त्याच्या जागा लहान ठेवल्या. प्रत्यक्षात साडेतीनशे माणसांच्या जागेत अडीच हजार नाश्ते वाढायची पाळी आली, असं तिथल्या एका अधिकाऱ्यानेच तेव्हा सांगितलं. दुपारी तर कहरच. फ्रेंच माणूस चरत नाही. साडेबारा वाजले की तो थांबतो, बसतो आणि जेवतो, आणि सगळे फ्रेंच लोक एकाच साडेबाराला हे करतात. वर जेवणाबरोबर वाइन नाही म्हणून रुसवा वेगळाच. ती बंदी पुढच्याच वर्षी मागे घ्यावी लागली. हे सगळं वाचताना मराठी माणसाला फ्रेंचांबद्दल एकदम बंधुभाव वाटायला हवा. वाइनचं सोडा, पण एक वाजला की बसून जेवायचं, आणि त्यात भात असायचा, हे आपल्याही हाडात आहे. चालता चालता खाल्लं त्याला आपण 'तोंडात टाकलं' म्हणतो, 'जेवलो' म्हणत नाही. बर्गर, फ्रेंच फ्राइज, कणीस आणि आइस्क्रीम पोटात गेल्यावरही 'अजून जेवण व्हायचंय' म्हणणारी माणसं घरोघरी आहेत. म्हणजे पार्कातली सगळी कुटुंबं एकाच वेळी एकाच गोष्टीच्या शोधात निघणार, हे पंचांगाइतकं निश्चित आहे.

पंचांगावरून आठवलं. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची एक सोपी रीत आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर ओहोटीच लागते, त्यामुळे तिथले जाणते लोक आधी समुद्राची वेळ काढतात आणि जेवणाची वेळ तिच्याभोवती बसवतात. अष्टमीला ऐन बाराला पाणी उतरलेलं असणार, तर किल्ला बाराला आणि जेवण तीनला, आणि तसं सकाळीच फोनवर सांगून ठेवायचं. समुद्राशी कोणी वाद घालत नाही. थीम पार्कातल्या जेवणाच्या गर्दीचं वेळापत्रक तर याहूनही सोपं आहे, कारण तिला चंद्र लागत नाही. पूर्ण भरती रोज दीडला. पावणेबाराला आणि तीननंतर ओहोटी. पावणेबाराला गेलं तर टेबल निवडून मिळतं, वेटर हसतो, आणि भात नुकता उतरलेला असतो. शिवाय एक ते अडीच, जेव्हा सगळी माणसं ताटावर असतात, तेव्हा राइडच्या रांगा सैल पडतात. ज्याला पावणेबारा म्हणजे फारच लवकर वाटतं त्याने तीनला जावं, मात्र मध्ये कुणाला औषधाची गोळी जेवणानंतरच घ्यायची आहे का, हे आधी विचारून घ्यावं. बाकी कुठलंच रेस्टॉरंट दीडला चांगलं नसतं आणि बहुतेक सगळी पावणेबाराला बरी असतात. यावर कुणाला वाद घालायचा असेल तर त्याने तो दीडला रांगेत उभं राहून घालावा. तिथे वेळ भरपूर असतो.

दुसरा प्रश्न व्हेज किती, नॉनव्हेज किती हा. शहरी माणसाला तो गावंढळ वाटतो, पण कुटुंब नावाच्या गोष्टीचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुठल्या प्रश्नात नाही. इमॅजिकाने सुरुवातीपासून नावं मोठी भारदस्त दिली: जुन्या अमेरिकी धाटणीचं रेड बॉनेट, आफ्रिकी थाटाचं झेझे, जहाजात थाटलेलं आर्माडा, फाटकाजवळ मोठं इमॅजिका कॅपिटल. नावं आणि मेन्यू काळाप्रमाणे बदलतील, ते असो. पण खंड कुठलाही असला तरी आपल्या माणसाची वाट पनीरपाशीच येऊन मिळते. कारण टेबलावर एकाची संकष्टी असते, एकाचा शनिवार, एक जण श्रावण पाळतो, सुनेच्या माहेरच्यांना कांदा-लसूण चालत नाही, आणि एक भाऊ असा असतो ज्याला चिकन नसेल तर आपण आलोच कशाला असं वाटतं. अशा वेळी सर्वांत चोखंदळ जिभेचं ऐकायचं नाही; ज्याचं खाणं सर्वांत अडचणीचं त्याचं ऐकायचं. संकष्टीवाल्या आजीला जिथे दही-बटाटा-फळं असं काहीतरी मिळेल ते रेस्टॉरंट योग्य, मग तिथलं चिकन मध्यम का असेना. चिकनवाल्या भावाला मध्यम चिकनने इजा होत नाही. आजीला मात्र आफ्रिकी ग्रिलसमोर बसवून लिंबूसरबतावर दिवस काढायला लावलं तर त्याचे पडसाद पुढच्या गणपतीपर्यंत उमटतात.

इथे बुफेबद्दल बोलणं भाग आहे, कारण बहुतेक कुटुंबांना हाच या सगळ्यावरचा तोडगा वाटतो. सगळं असतं, सगळ्यांना मिळतं, आणि मुख्य म्हणजे वसूल करता येतं. माझा बुफेला विरोध त्यातल्या पदार्थांमुळे नाही. बुफे हे बसून जेवायचं असं रेस्टॉरंट आहे की जिथे कोणी बसत नाही. टेबलाकडे पाच मिनिटं बघत राहावं. बाबा सूप घेऊन आले तेव्हा आई स्टार्टर्सकडे गेली. आई आली तेव्हा मुलगा नूडल्सला उठला. तो आला तर बाबा दुसऱ्यांदा गेले, कारण तिथे नान गरम येत होते. सगळ्या खुर्च्यांवर एकाच वेळी सगळी माणसं आहेत असा क्षण गुलाबजामपर्यंत येत नाही. आणि या सगळ्या वेळात टेबलावर एकटं कोण बसलेलं असतं? ज्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ते. पिशव्यांसकट. ज्या एका कारणासाठी आत आलो तेच हुकलं. वसुलीचं म्हणाल तर तिसऱ्या वाटीतली रबडी ही थीम पार्कात स्वस्त पडत नाही. तिचा हिशोब नंतर नायट्रोच्या दुसऱ्या वळणावर होतो, आणि तो मागच्या सीटवरच्यालाही भरावा लागतो. त्यापेक्षा कार्डावरून मागवावं. जेवण यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात म्हणून लोक कुरकुरतात, पण खरं म्हणजे पैसे त्या वीस-पंचवीस मिनिटांचेच आहेत. गार हवा, टेकायला पाठ, दिवसात पहिल्यांदा सगळे समोरासमोर, आणि हातात करायला काही नाही. दुसरीकडे कुठे ही मंडळी इतका वेळ न उठता बसली असती?

आता आक्षेप. पहिला पैशांचा, आणि तो पोकळ नाही. आत आलेल्या माणसाला जायला दुसरीकडे जागा नसते हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, आणि बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ द्यायचे नाहीत ही अशा जागांची सर्वसाधारण रीत. फाटकावर थालीपीठ, चिवडा आणि दशम्यांचे डबे उघडले जातात तेव्हाचा तो संवाद कुठल्याही नाटकात शोभेल. चित्रपटगृहांबद्दल असाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पी. एस. नरसिंह यांनी ३ जानेवारी २०२३ रोजी सांगितलं की चित्रपटगृह ही मालकाची खासगी जागा आहे, बाहेरचे पदार्थ आणू द्यायचे की नाही ते तो ठरवू शकतो; पिण्याचं पाणी मात्र मोफत हवं आणि तान्ह्या मुलाचा खाऊ अडवायचा नाही. सुनावणीत सरन्यायाधीशांनी जिलबीचा दाखला दिला: प्रेक्षकाने जिलबी खाऊन चिकट बोटं खुर्चीला पुसली तर साफसफाईचा खर्च कोणी करायचा? निकाल चित्रपटगृहांपुरता होता, पण डब्याच्या बाजूने लढणाऱ्यांचं बळ त्याने कमी केलं, यात शंका नाही. तेव्हा पैसे जाणारच. प्रश्न उरतो तो ते कसे जातात एवढाच. जी मंडळी 'रेस्टॉरंट महाग आहे' म्हणून बसत नाहीत ती दिवसभरात काय काय घेतात त्याची कोणी टिपणं ठेवत नाही: दोन कणसं, चार थंड पेयं, मुलाचं पॉपकॉर्न, त्याने ते सांडल्यावर दुसरं पॉपकॉर्न, वडिलांचे दोन चहा. फुटकळ खर्च खिशाला लागत नाही, एकरकमी बिल लागतं, एवढाच फरक. बिल बघून छातीत धस्स होतं, पण निदान कशाचं ते कळतं.

दुसरा आक्षेप वेळेचा: तिकीट राइडचं काढलंय, मग तास-दीड तास खुर्चीत का घालवायचा? याला उत्तर म्हणून मेमधलं खालापूर पुरे आहे. बोरघाटाच्या पायथ्याशी दुपारी वारा पडतो तेव्हा रांगेत उभं राहणं हे राइडमध्ये धरत असाल तर गोष्ट वेगळी. पावसाळ्यात हिशोब आणखी बदलतो. मोठी सर आली की उघड्यावरच्या राइड थांबतात, सगळी प्रजा छपराखाली धावते आणि रेस्टॉरंटची दारं क्षणात तुंबतात. तेव्हा जे आधीच आत बसून ताक पीत असतात त्यांच्याकडे बाहेरचे लोक कशा नजरेने बघतात ते पाहण्यासारखं असतं. तिसरा आक्षेप जरा तात्त्विक आहे. सहलीत सगळंच ठरवून केलं तर मजा काय राहिली, असं काही लोक म्हणतात. अमेरिकेत डिस्नीच्या फ्लोरिडामधल्या पार्कांत टेबल साठ दिवस आधी राखायला सुरुवात होते आणि लोक त्यासाठी पहाटे गजर लावतात, असं सांगितलं तर हे लोक हात जोडतात. मीही जोडतो. साठ दिवसांनी आपल्या घरात कोण कोणाशी बोलत असेल हे आज कोण सांगणार? पण नागावच्या फोनला दोन मिनिटं लागतात, आणि तो त्याच दिवशी सकाळी करायचा असतो. पार्कात फाटकातून शिरल्यावर पहिल्या राइडच्या रांगेत उभं असतानाच तीन प्रश्न उरकता येतात. त्यानंतर दिवसभर काय हवं ते उत्स्फूर्त करावं.

किनाऱ्याची बाजू घेतो म्हणून तिथलं सगळं आलबेल आहे असंही नाही. ऑर्डर देऊन वेळेवर पोचलेल्या माणसालाही 'बसा, पाचच मिनिटं' हे वाक्य ऐकावं लागतं, आणि कोकणातली पाच मिनिटं कुठल्याही घड्याळाला बांधील नसतात. पण त्या अर्ध्या तासात झोपाळा असतो, पंखा असतो, सोलकढीचा पेला पुढे येतो, आणि वाडीतली सुपारी बघायला आजोबा उठून जातात. बसायला मिळालेलं माणूस भुकेला सहसा माफ करतं. उभं असलेलं करत नाही.

आणि ज्यांनी यातलं काहीच ऐकलं नाही, दुपारी वेळ वाचवला, बिल वाचवलं, सगळ्या राइड पदरात पाडून घेतल्या, त्यांचं काय होतं? संध्याकाळी सात वाजता एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये ते सापडतात. कुणाचीच भूक आता थांबण्याच्या स्थितीत नसते. काका कूपनच्या रांगेत, मोठा मुलगा पाण्याच्या, आई लहान्याला घेऊन स्वच्छतागृहाच्या. उंच पायांच्या गोल टेबलाभोवती, जिथे खुर्ची नसतेच, बाकीचे दोन जण जागा अडवून उभे. वडे येतात, गरम असतात, चटणी संपलेली असते. आजी गाडीतच बसलेली असते, कारण पिशव्या तिथे आहेत, आणि तिचा वडा कागदात गुंडाळून पार्किंगपर्यंत न्यायचं काम कोणाचं यावर घरातली दिवसातली दुसरी चर्चा सुरू होते.